वैशे, दही आठवतं का?

२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय वैशे,

पोळ्याला तुझा फोन आला तेव्हा "रात्री करते" म्हणाले, आणि आज वेचणी अर्ध्यावर आली तरी केला नाही. रागावली असशील तर रागाव, पण पत्र शेवटपर्यंत वाच. फोनवर हे बोलता आलं नसतं. घरी रेंज फक्त अंगणात येते आणि अंगणात दिवसभर आई बसलेल्या असतात. गोष्ट त्यांचीच आहे.

तब्येती बऱ्या. माझी कंबर तशीच, ह्यांचा खोकला गेला. पऱ्हाटी बरी आहे, सोयाबीन पावसानं खाल्लं.

तर हिशेब. मी फोनमध्ये घरखर्चाची शीट ठेवते हे तुला माहीत आहे. मार्चअखेर सोसायटीचं कर्ज भरताना घरात किती गेलं याचा ताळमेळच लागेना, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये सुरू केली. आपण एमएस-सीआयटीला शिकलो तेवढंच भांडवल. (सर "आता उंदीर धरा" म्हणाले की तू बाकावर पाय वर घ्यायचीस, आठवतं?) रकाने साधे: तारीख, दुकान, वस्तू, वजन, छापील किंमत, दिलेले पैसे आणि शेवटी 'वाचले'. छापील किमतीतून दिलेले वजा केले की 'वाचले' आपोआप येतं. बिलं त्याच संध्याकाळी भरते, कारण तो गुळगुळीत कागद मे महिन्यात टिनाखाली ठेवला की उन्हानं काळा पडतो, एक अक्षर वाचता येत नाही. कूपनं चिवड्याच्या जुन्या डब्यात. बिलामागे छापलेलं, चहापत्तीच्या पुड्यातलं, सगळी त्यात. मुदत आधी संपणारं वर.

अडीच वर्षांत 'वाचले'ची बेरीज १४,३८६ झाली. मी तो आकडा रात्री झोपताना एकदा उघडून बघायची. घरात कोणी विचारत नव्हतं, पण मला वाटायचं की मी वावरात न जाता एवढे कमावले.

मग सप्टेंबर आला. २२ तारखेपासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, डोक्याचं तेल यांच्यावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला. छापील किमती उतरल्या. ऑक्टोबरची शीट भरली तर याच वस्तूंवरचं 'वाचले' एकदम पडलं! दुकान तेच, सामान तेच, खिशातून कमी गेले, आणि माझी शीट म्हणते तू कमी वाचवलंस. मी रात्री अकरापर्यंत सूत्रं तपासत बसले. सूत्र बरोबर होतं, वैशे. रकानाच खोटा होता. छापील किंमत मी कधी देणारच नव्हते, तर तिच्यातून वजा करून मी काय वाचवत होते?

मग एकेक ओळ उकरली. दिवाळीआधी यवतमाळला नवीन मॉलमध्ये दोन हजारांवर २०० ची सूट होती. माझं बिल १,६५० होत होतं. दोन हजारांना पोचवायला ३६० चं घेतलं: बिस्किटांचा डबा, फरशी पुसायच्या दोन बाटल्या. आपल्या घरी अर्धी जमीन शेणानं सारवते मी! २,०१० मधून २०० गेले, १,८१० दिले. म्हणजे १६० जास्तच गेले, आणि एसटीचं अर्धं तिकीट धरलं तरी जाऊन-येऊन आणखी सत्तर-ऐंशी. शीटमध्ये मात्र हिरव्या रंगात 'वाचले २००'.

तेलाचं तर ऐक, तुझ्याही कामाचं आहे. गावातला पिपा २,१९० ला होता. मॉलमध्ये कूपन धरून २,०६० ला. १३० वाचले म्हणून मी तो पिपा मांडीवर घेऊन बसमधून आणला. घरी आल्यावर डब्याची बारीक अक्षरं वाचली: १५ लिटर, १३.६५ किलो. गावातला पिपा १५ किलोचा असतो. तेल पाण्याहून हलकं, लिटरमागे साधारण ९१० ग्रॅमच भरतं. भाग देऊन बघ, गावात किलोला १४६ पडत होते, मॉलमध्ये १५१ च्या जवळ. आता मी 'छापील किंमत' काढून तिथं 'दर किलो' टाकलं आहे. समोर मागच्या वेळी गावात त्याच वस्तूला काय दिलं ते येतं. हल्ली पाकिटांवरही दर ग्रॅमचा भाव छापलेला असतो, शोधावा लागतो एवढंच. तू ते मोठ्या पॅकवर आंधळा विश्वास ठेवणं बंद कर, मोठं पाकीट कधीकधी महाग पडतं.

तेलाच्याच ओळीत आणखी एक जागा आहे, तिथं माझं बोट दरवेळी थांबतं. १४ सप्टेंबर २०२४ ला तेलावरचं आयात शुल्क वाढवलं, तेलबियावाल्या शेतकऱ्यांसाठी म्हणून. दोन आठवड्यांत माझ्या शीटमध्ये तेल चढलं. आणि आमचं सोयाबीन? हमीभाव ४,८९२ होता, आम्ही त्या दिवाळीत ४,१०० नं दिलं. आपल्याच वावरातली वस्तू पोत्यात स्वस्त आणि पिप्यात महाग. हे म्हणाले, हे पण लिहून ठेव. ठेवलं.

पण मी हे सगळं सांगायला बसले नव्हते. मुद्द्यावर यायला हात धजत नाही म्हणून तेल सांगत बसले.

शीटमध्ये मी गेल्या वर्षी एक रकाना वाढवला होता: 'कोणासाठी'. वाईट मनानं नाही, शपथ. कोणत्या महिन्यात काय लागेल ते आधी कळावं म्हणून. बारक्याच्या वह्या, ह्यांची तंबाखू, आईंची चहापत्ती, साखर, बाम, फल्लीदाण्याची चिक्की. आपल्या घरी चहाचं दूध-साखर सगळ्यात जास्त आईंनाच लागते, म्हणून ते त्यांच्या नावापुढे टाकायची. सप्टेंबरात बारक्याला शाळेत तक्ता करायला सांगितला, मी कौतुकानं आपलीच शीट उघडून दिली. त्यानं अंगणात बसून नाव निवडलं आणि मोठ्यांदा वाचलं: "आजी, वर्षाचे ६,९४०!" आई सुपात तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही, मान वर झाली नाही. मी आत भाकरी टाकत होते. ऐकलं, आणि काही बोलले नाही. तीच माझी चूक.

ऑक्टोबरात साखर चार किलोंवरून अडीचवर आली, आणि ऑक्टोबरात दिवाळी होती. चहापत्ती निम्मी. बाम एकदाही नाही. मला शीटमध्ये ते दिसलं आणि वैशे, मला आनंद झाला. मी त्या ओळीला हिरवा रंग दिला.

परवा पहाटे पाणी तापवायला उठले तर आई चुलीपाशी होत्या. त्यांनी साखरेचा डबा उघडला, आत बघितलं, झाकण लावलं. मग कोरा चहा बशीत ओतून प्यायल्या. शेजारी बामची डबी होती, रिकामी. आगपेटीच्या काडीनं तिच्या कडा खरवडून गुडघ्याला लावत होत्या. मी म्हटलं, आई, साखर घ्या ना. तर म्हणाल्या, "गोड नाई सोसत मले आता." ज्या बाईनं संक्रांतीला एका बैठकीत नऊ तिळाचे लाडू खाल्ले, तिला गोड सोसत नाही!

आणि त्याच दिवशी आईंच्या श्रावणबाळ पेन्शनचे १,५०० आले. त्यांनी बारक्याला नेऊन काढून आणले आणि तीन नोटा माझ्यापुढे ठेवल्या. "तुह्या मोबाईलात माह्या नावापुढं जमा कर." टोमणा असता तर मी भांडले असते. टोमणा नव्हता. त्यांना खरंच वाटतं की त्यांचं माझ्याकडे देणं निघतं.

रकाना मी त्याच रात्री पुसला. नोटा परत त्यांच्या पेटीत ठेवल्या. दोन किलो साखर आणली, बाम आणला, चिक्की आणली. डबी तशीच बंद आहे. चिक्की बारक्यालाच मिळते. बोलायला गेले तर "तसं काई नाई वं" म्हणून शेंगा फोडायला घेतात. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, म्हाताऱ्या माणसाचं असंच असतं. तसं नाही. मला माहीत आहे तसं नाही, कारण हे मी आधी एकदा केलं आहे.

आपण दोघी राहायचो त्या खोलीतली ती खर्चाची हिरवी वही. मी 'दही – वैशी' लिहिलं होतं, साडेसात रुपये. तू वाचलंस आणि काही बोलली नाहीस, आणि आठवडाभर दह्याला हात लावला नाहीस. म्हणालीस, सर्दी झाली आहे. मी तुला सात दिवस सर्दी झाली असं मानून चालले. नंतर आपण त्या वहीवरून भांडलो ते वेगळं, मीठ कोणी सांडलं आणि स्टोव्हची पिन कोणी हरवली तेही त्यात निघालं, पण दह्याचं नाव दोघींनीही काढलं नाही. एकवीस वर्षं झाली. मी तुझी माफी कधी मागितली नाही. आज मागते.

तनूच्या बारावीचं कसं चाललं आहे? तुझ्या नणंदेचं मिटलं का? घराचे हप्ते किती राहिले ते सविस्तर लिही, व्याजाचा दर पण, मी तुला शीट करून पाठवते. आणि संक्रांतीला ये, तुझ्याशी आई मोकळ्या बोलतात.

पण तोपर्यंत मला एक सांग. आठव्या दिवशी तू परत दही खाल्लंस. मला चांगलं आठवतं, तू माझ्याच वाटीतून घेतलंस. त्या दिवशी मी काय केलं होतं? काही बोलले होते का? की तूच ठरवलंस? मी फार आठवून पाहिलं, मला आठवत नाही. तुला आठवत असेल तर लगेच कळव, फोन केलास तरी चालेल, मी वावरात जाऊन घेईन.

तुझी,
मंगी