त्या पाच पिकोफॅरडबद्दल आभार

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

आमचे काही बोर्ड वीज दिली तरी सुरू होत नव्हते; आता सगळे वीज दिल्याबरोबर सुरू होतात. व्होल्टेज खालच्या मर्यादेवर नेलं तरी एकही अडत नाही.

चिपला ताल देणाऱ्या क्रिस्टलच्या दोन बाजूंच्या कपॅसिटरबद्दल "22 पिकोफॅरडची जोडी लावा, सगळे तेच लावतात" असं सांगणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. कुणी क्रिस्टल बदलायला सांगितलं, आणि चिप पुरवणाऱ्यांच्या मदतकक्षाने तर प्रोग्रॅमवरच खापर फोडलं. क्रिस्टलची डेटाशीट (उत्पादकाचं माहितीपत्रक) उघडायची तसदी मात्र एकानेही घेतली नाही. तुमचा पहिलाच प्रश्न होता, "सीएल किती आहे?"

सीएल, म्हणजे क्रिस्टलला अपेक्षित असलेला भार-कपॅसिटन्स, होता 8 पिकोफॅरड. बाकी सगळं त्यातच आलं. दोन्ही कपॅसिटर क्रिस्टलच्या दृष्टीने एकापाठोपाठ येतात, म्हणून 22 च्या जोडीचे 11 होतात. त्यात पिनांचे आणि ट्रेसचे 5 धरले की क्रिस्टलवर 16 चा भार पडतो, म्हणजे हवा त्याच्या दुप्पट. फ्रिक्वेन्सी खाली ओढली जाते, पण खरी गोम वेगळीच. चिपला लागणारा किमान ट्रान्सकंडक्टन्स (क्रिस्टल चालवण्याची चिपची ताकद) हा भार आणि क्रिस्टलचा स्वतःचा शंट कपॅसिटन्स यांच्या बेरजेच्या वर्गाने वाढतो. 8 मेगाहर्ट्झ, ईएसआर (क्रिस्टलचा अंतर्गत रोध) 80 ओहम, शंट 3 पिकोफॅरड धरले तर 8 च्या भाराला सुमारे 0.1 मिलीअँपियर प्रतिव्होल्ट पुरतो. 16 च्या भाराला 0.29 लागतो. वर पाचपट राखीव हवीच. म्हणून काही बोर्ड चालत, काही रुसत, आणि दोष क्रिस्टलच्या माथी मारला जाई. (चिपच्या काही नव्या डेटाशीटमध्ये या पाचपट राखीवीसाठी पाचाचा भागाकार आधीच केलेला असतो; तो पुन्हा केला की चिप आणि क्रिस्टलची चांगली जोडीही नापास होते.)

8 मधून 5 वजा केले की उरतात 3, त्याची दुप्पट 6; म्हणजे प्रत्येक कपॅसिटर 6 पिकोफॅरडचा हवा. बाजारात 5.6 आणि 6.8 मिळतात. तुम्ही 6.8 सुचवलंत.

पण हे पत्र 6.8 या आकड्यासाठी नाही. तुम्ही परत पाठवलेल्या कागदावर प्रत्येक आकड्याशेजारी पेन्सिलीने तो कुठून आला ते लिहिलं होतं. 8 शेजारी "डेटाशीट". 80 शेजारी "डेटाशीट, कमाल". आणि 5 भोवती गोल काढून बारीक अक्षरात "माझा अंदाज, तुमच्या बोर्डवर मोजा". इतका अनुभव असलेल्या माणसाला तो 5 दडपून सांगता आला असता, आणि आम्ही निमूट मानलाही असता. आपलं ज्ञान नेमकं कुठे संपतं ते समोरच्याला दाखवणारी माणसं विरळा. ठाम बोलणारे पैशाला पासरी मिळतात.

तो आकडा मोजला. स्कोपचा प्रोब क्रिस्टलच्या पिनला लावलाच नाही, कारण दहापट प्रोबचे दहाएक पिकोफॅरड म्हणजे आमच्या कपॅसिटरपेक्षा जास्त. चिपच्या क्लॉक-आउट पिनवर काउंटर लावला आणि फ्रिक्वेन्सी बरोबर 8 मेगाहर्ट्झवर येईपर्यंत कपॅसिटर बदलले. क्रिस्टलची स्वतःची चूक काही पीपीएम (दशलक्षांश) असतेच, म्हणून अनेक बोर्डांची सरासरी घेतली. साडेचारच्या आसपास निघाला. तुमचा अंदाज फारसा चुकला नाही, 6.8 कायम राहिले.

क्रिस्टलच्या मालिकेत रोधक घालायची चाचणीही घेतली. ईएसआरच्या पाचपट, म्हणजे 400 ओहम घालूनही ऑसिलेटर (चिप आणि क्रिस्टल मिळून बनणारं, ताल देणारं सर्किट) सुरू व्हायला हवा, तो झाला. रोधक अर्थातच नंतर काढले.

तो पेन्सिलीचा कागद आता सर्किटच्या फाइलमध्ये आहे. नव्या सर्किट-चित्रात प्रत्येक मूल्याशेजारी त्याचा स्रोत लिहिण्याचा शिरस्ताही तिथूनच पडला.

कळावे, लोभ असावा.

ता. क. घड्याळाच्या 32.768 किलोहर्ट्झ क्रिस्टलबद्दल तुम्ही ओझरतं म्हणाला होतात, तेही केलं. त्याचा सीएल वेगळा, म्हणून कपॅसिटरही वेगळे. दोन्हीकडे सीओजी प्रकारचेच (तापमानाने मूल्य फारसं न बदलणारे) घेतले आणि सोल्डरिंगनंतर फ्लक्स (सोल्डरिंगला लागणारा चिकट पदार्थ) नीट धुतला. त्या पिनांचा प्रतिबंध इतका जास्त असतो की ओलसर हवेत उरलेला फ्लक्सही गळती करून ऑसिलेटर बंद पाडू शकतो.