दीर्घ आजार किंवा अपंगत्व आलेल्या सदस्यांसाठी शनिवारची बैठक

सर्व सदस्यांना नमस्कार,

येत्या शनिवारी सकाळी ११ वाजता जिल्हा परिषदेच्या सभागृहात बैठक आहे. सेवेत असताना अपंगत्व आले किंवा ज्यांचे उपचार लांबले आहेत, त्यांनी नक्की यावे. स्वतः येणे शक्य नसेल तर घरच्या कुणालाही पाठवा.

एक गोष्ट बैठकीआधीच सांगतो. "काम जमत नाही, राजीनामा द्या" असे कुणी सुचवले, तर कुठेही सही करू नका. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम २० प्रमाणे सेवेत अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचा दर्जाही कमी करता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यायचे असते. तसे पद नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जास्तीच्या पदावर, ठेवता येते. आपले बरेच सहकारी हे माहीत नसल्यामुळे घाबरून स्वेच्छानिवृत्ती घेतात, याचे फार वाईट वाटते.

येताना आणा:
- अपंगत्व प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र). प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर मुदत तपासा.
- रजेचे अर्ज आणि त्यांची पोच
- वैद्यकीय प्रतिपूर्तीची बिले, डिस्चार्ज कार्ड. मूळ प्रती कुणालाही देऊ नका, झेरॉक्स पुरेशी आहे.

यूडीआयडी नसेल त्यांचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर (यूडीआयडीच्या सरकारी संकेतस्थळावर) बैठकीतच भरून देऊ. त्यासाठी आधार आणि फोटो लागेल.

व्हीलचेअर लागणार असेल तर गुरुवारपर्यंत ग्रुपवर कळवा.

– सचिव