केंद्र आणि पराणी

अंबाजोगाई,
१८ सप्टेंबर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. सोयाबीनचं आणि वाटणीचं फोनवर बोलू, ते कागदावर उरकणारं नाही. पण शेवटी तू जी पुडी सोडलीस, की इंग्रजांनी ‘सेंटर’ आपल्या ‘केंद्रा’वरून उचललं, तिचा समाचार घेतल्याशिवाय मला राहवत नाही. पोरांना भूमिती शिकवतोस, वर्गात हे सांगू नकोस म्हणजे झालं.

मूळ शब्द ग्रीक आहे, ‘केंट्रॉन’. अर्थ काय, तर टोचणारं टोक. मधमाशीची नांगी म्हणजे केंट्रॉन, आणि बैल हाकायची पराणी म्हणजेही केंट्रॉन! तुझ्या आबांची पराणी आठव. वेळूची काठी, तेल पिऊन काळी पडलेली, आणि टोकाला पेरभर लोखंडी आर. आबा ती क्वचितच टोचायचे, नुसती दिसली तरी बैल पाय उचलायचे. त्या आरेचं नाव कंपासच्या टोचणाऱ्या पायाला मिळालं. एक पाय कागदात रुतवायचा, दुसरा फिरवायचा. रुतलेल्या पायानं जे भोक पडतं ते केंद्र. युक्लिडनं आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीच्या व्याख्यांतच वर्तुळाच्या मध्यबिंदूला हा शब्द वापरलाय. पोरं वहीची चार पानं आरपार भोसकतात आणि तू ओरडतोस ना, शब्दाच्या मुळाशी पोरंच जास्त इमानदार आहेत.

पुढं हा शब्द दोन दिशांना गेला. लॅटिनमध्ये ‘सेंट्रम’ झाला, फ्रेंचमधून इंग्रजीत शिरला. इकडं संस्कृतात ‘केंद्र’ झाला, पण आला तो ज्योतिषाचं बोट धरून. वर्तुळाच्या मधल्या बिंदूला आपल्याकडं ‘मध्य’ होताच, त्यासाठी कुणाकडं हात पसरायची गरज नव्हती. कुंडलीतली पहिली, चौथी, सातवी, दहावी ही केंद्रस्थानं. ‘केंद्रात गुरू आहे’ असं भटजी म्हणतात ते हेच. गणिती ज्योतिषात तर केंद्र म्हणजे चक्क एक कोनीय अंतर, ग्रह आपल्या उच्चबिंदूपासून किती सरकलाय ते. म्हणजे ज्याला आपण आज एक बिंदू म्हणतो, तो तिथं मोजून काढायचा आकडा!

आणखी एक गंमत. लग्नाच्या मुहूर्तात ‘जामित्र’ बघतात ना? ते ग्रीक ‘डायमेट्रॉस’, म्हणजे व्यास. जामित्र म्हणजे कुंडलीतलं सातवं घर, ते पहिल्याच्या बरोबर समोर, व्यासाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून. नवरा-नवरीच्या मधे भूमिती येते ती अशी.

यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काय आहे? सहाव्या शतकात ज्योतिषी वराहमिहिरानं बृहत्संहितेत उघड लिहिलंय की यवन, म्हणजे ग्रीक, म्लेच्छ खरे, पण हे ज्योतिषशास्त्र त्यांच्यात नीट नांदतं, म्हणून तेही ऋषींसारखे पूजले जातात. आणि यवन आपल्याला परके कधी होते? पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशी-वहीत, ‘पेरिप्लस’मध्ये, पैठण आहे आणि तगर म्हणजे आपलं तेरही आहे. तिथला माल भडोचच्या बंदराला जायचा. शब्द याच वाटेनं आला असं मी म्हणत नाही, तेवढं धाडस नको.

उसनं फेडल्याचं समाधान हवंच असेल तर त्रिकोणमितीत बघ. आर्यभटानं ज्या ‘ज्या’ची कोष्टकं दिली ती म्हणजे धनुष्याची दोरी. तिचाच पर्याय ‘जीवा’ अरबीत गेला, तिथं स्वर न लिहिल्यामुळं ‘जैब’ असा वाचला गेला, म्हणजे अंगरख्याचा गळा, खिसा. लॅटिनवाल्यांनी त्याचं इमानेइतबारे ‘सायनस’ केलं, आणि तुझी दहावीची पोरं ‘साइन थीटा’ घोकतात.

आता तुमच्या शाळेवर मार्चमध्ये ‘परीक्षा केंद्र’ अशी पाटी लागते आणि सगळं गाव त्याला ‘सेंटर’ म्हणतं. दोन्ही बरोबर आहेत, चुलत भावंडंच ती.

दिवाळीत इकडं ये. तेरचं वस्तुसंग्रहालय बघू, जुन्या व्यापाराच्या खुणा तिथं काचेआड ठेवल्यात. वहिनींना नमस्कार, आईंना साष्टांग. आणि सोयाबीन घाईनं विकू नकोस.

तुझा,
बालाजी