दोन माणसांचं कुटुंब: जिल्हाधिकाऱ्यांना एक खुलं पत्र

मा. जिल्हाधिकारी तथा प्रधान जनगणना अधिकारी,
अमरावती यांस,

सादर नमस्कार.

मी अंजनगाव सुर्जी तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. 2011 च्या जनगणनेत प्रगणक होतो. गळ्यात ओळखपत्र, काखेत अनुसूचीचा, म्हणजे प्रश्नांच्या फॉर्मचा गठ्ठा, खिशात काळं पेन, आणि 9 ते 28 फेब्रुवारी असे वीस दिवस दारोदार. माणसामागे 29 प्रश्न. त्यानंतरची जनगणना 2021 ला व्हायची, ती कोरोनानं गेली. आता माणसांची मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये आहे. मधली सोळा वर्षं आमची गावं कागदावर आहेत तिथंच थांबली आहेत, म्हणून हे पत्र.

तेव्हा प्रशिक्षणात आम्हाला कुटुंबाची व्याख्या शिकवली होती: नेहमी एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मंग चूल म्हना ना सायेब." बरोबरच होतं त्याचं. आमच्याकडं भाऊ वेगळे निघाले की वाडा एकच राहतो, दारही एकच राहतं, चूल तेवढी वेगळी होते. ती चूल मोजायला सरकारनं माणूस पाठवला होता, यात नवीन काहीच नव्हतं.

अडचण आली ती म्हातारीपाशी. दोन भाऊ, एक वाडा, मधे पऱ्हाट्यांचा कूड. आई पाळीनं जेवायची, पंधरा दिवस थोरल्याकडे, पंधरा दिवस धाकट्याकडे. मी थोरल्याच्या ओसरीवर बसलो तर तो म्हणाला, "बुढी सध्या तिकडं हाये." कूड ओलांडून धाकट्याकडे गेलो तर त्याची बायको म्हणाली, "आजच तर तिकडं गेली ना जी." दोघंही खोटं बोलत नव्हते. बदलीचा दिवस होता तो. म्हातारी स्वतः अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "लिव ना बावा कुठंबी. मी दोनी घरची हावो." मी तिला धाकट्याच्या चुलीत लिहिली. का, ते आजही सांगता येणार नाही.

दुसरी अडचण याच्या उलट. पोरगा चाकणच्या कंपनीत, दोन वर्षं झाली, दिवाळीला चार दिवस येतो. नियमाप्रमाणे तो जिथं राहतो तिथं मोजायचा. बाप ऐकायला तयार नाही. "काहून नाही लिवत? पोट्टं माहं हाये ना!" मी नियम वाचून दाखवला. तो उठला, आतून रेशनकार्ड आणलं आणि नावावर बोट ठेवलं. कार्डावर पाच नावं होती आणि चुलीवर दोन माणसांची भाकर. मी दोनच लिहिली. त्या माणसानं नंतर वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं.

त्या दोन माणसांबद्दलच मला आपल्याशी बोलायचं आहे.

साहेब, 2011 च्या घरयादीचे, म्हणजे माणसं मोजण्याआधी घरं नोंदवतात त्याचे तक्ते गावनिहाय मिळतात. एका माणसाची कुटुंबं किती टक्के, दोन माणसांची किती, तीनची किती, सगळं त्यात आहे. घरात लग्न झालेली जोडपी किती, हेसुद्धा आहे. आता दोन माणसांचं, एका जोडप्याचं कुटुंब घ्या. ते नुकतं लग्न होऊन वेगळं निघालेलं असेल. किंवा नवरा अठ्ठ्याहत्तरचा, गुडघे गेलेला, बायको बहात्तरची, मोतीबिंदू झालेली, आणि तीन पोरं पुणे, नाशिक, सुरत. तक्त्यात दोन्ही घरं एकसारखी दिसतात. पहिल्या घराला पुढच्या वर्षी अंगणवाडी लागणार. दुसऱ्या घराला रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर गाडी काढणारा लागणार. आमच्या गल्लीत चौदा दारं आहेत. चारांना कुलूप, सहांत दोन-दोन माणसं, आणि त्या सहांतलं एकही जोडपं साठीच्या आतलं नाही.

गावाच्या प्राथमिक गोषवाऱ्यात कुटुंबं, पुरुष, स्त्रिया, अनुसूचित जाती, जमाती, साक्षर, शेतकरी, शेतमजूर असे सगळे रकाने असतात. वयाचा रकाना मात्र एकच, 0 ते 6. तो का असतो हे आम्हा शिक्षकांना पक्कं ठाऊक आहे, साक्षरता सातव्या वर्षापासून धरतात, म्हणून त्याखालची पोरं वेगळी काढावी लागतात. साठीच्या वरची माणसं वेगळी काढायची कुणाला गरज पडली नाही. राज्याचं कळतं, 2011 ला शंभरात जवळजवळ दहा जण साठीच्या पुढचे होते. जिल्ह्याचंही वयोगटाप्रमाणे कळतं. गावाचं कळत नाही. आणि म्हातारी माणसं काही जिल्ह्यात राहत नाहीत, गावात राहतात.

कुणी म्हणेल, वय तर प्रत्येकाचं विचारलंच जातं. विचारलं जातं ना! मी स्वतः विचारलंय. जन्मतारीख सांगता येत नव्हती तिथं "गांधीबाबाला मारलं तवा मी पाळन्यात होती" यावरून वय काढलंय. लिहिलेलं सगळं वर गेलं आणि खाली गावात परत आलं ते फक्त 0 ते 6.

याचे परिणाम लहान नाहीत. आशाताई हजार डोक्यांमागे एक, उपकेंद्र पाच हजारांमागे, आदिवासी भागात तीन हजारांमागे, ग्रामपंचायतीचे सदस्य सात की नऊ हेही डोक्यांवरच. डोकं काळं की पांढरं, कुणी पाहत नाही. आमची आशाताई गरोदर बायांच्या आणि लसीकरणाच्या नोंदी चोख ठेवते. पण या गावात आता पाळणे थोडे आणि बीपीच्या गोळ्या जास्त आहेत. श्रावणबाळचे 1500 रुपये आणायला म्हातारा तालुक्याला जातो, जाण्या-येण्यात दिवस जातो, आणि मशीनवर अंगठा उमटला नाही की दुसराही जातो. गावात अशी माणसं किती, हा आकडा ग्रामसभेपुढे असता तर महिन्यातून एक दिवस पैसे वाटणारा माणूसच गावात बोलवा, असं आम्ही जोर लावून म्हणू शकलो असतो. आज म्हणतो, तेव्हा समोरून प्रश्न येतो, "किती आहेत?" आणि आम्ही बोटं मोजत बसतो.

म्हणून पहिली विनंती. गावनिहाय तक्त्यात 0 ते 6 च्या शेजारी साठ व त्यावरील असा एक रकाना द्यावा, आणि ज्या चुलींवर फक्त साठीच्या पुढचीच माणसं आहेत अशा चुली किती, हा दुसरा. कुणाचं नाव नको, घर नंबर नको. 1948 च्या कायद्यानं घरची माहिती गुप्त राहते, ती राहिलीच पाहिजे. नुसती बेरीज द्या. तक्ते ठरवणं आपल्या हातात नाही, ते दिल्लीत ठरतं, हे मला माहीत आहे. पण जिल्ह्यातून मुंबईच्या जनगणना संचालनालयाला पत्र जाऊ शकतं. या वेळी मोजणी मोबाइलवर आहे. पूर्वी कागद मोजायला वर्षं लागत, तेव्हा जादा रकाना म्हणजे खरंच डोक्याला ताप होता. आता वय आणि घर एकाच ठिकाणी भरलेलं असणार, बेरीज यंत्रच करणार.

दुसरी विनंती मात्र पूर्ण आपल्या हातातली आहे: कामासाठी गाव सोडून शेतांवर, वीटभट्ट्यांवर आलेली माणसं मोजायला प्रगणक तिथं पाठवा. फेब्रुवारीत आमच्या सपाटीवर हरभरा सोंगायला मेळघाटातली कोरकू आदिवासी कुटुंबं उतरतात, काही वीटभट्ट्यांवर असतात. धारणी-चिखलदऱ्याच्या गावांत तेव्हा म्हातारे आणि कोंबड्या राहतात. ही माणसं परत जातात होळीला, त्यांचा तोच सर्वांत मोठा सण. 2011 ला होळी मार्चच्या विशीत होती, मोजणी फेब्रुवारीच्या अठ्ठावीसला संपली होती. 2027 ची होळीही मार्चच्या उत्तरार्धातच आहे. मोजणीच्या पूर्ण काळात जो घरी नाही त्याला जिथं सापडेल तिथं मोजायचं, असा नियम होता. सापडेल तिथं! भट्टीवर शोधायला कुणी गेलं तरच सापडेल. 2011 ला माझ्या गटाच्या, म्हणजे मला मोजायला दिलेल्या भागाच्या नजरी नकाशात भट्टी नव्हती, शेजारच्या गुरुजींच्या नकाशातही नव्हती, नाल्याच्या अलीकडे त्यांचं, पलीकडे माझं, आणि भट्टी बरोबर नाल्याच्या काठाला. शेवटी मी गेलो. सतरा माणसं, सहा पोरं, ताडपत्रीच्या तीन झोपड्या. मी गेलो नसतो तर ती त्या वर्षी भारतात नव्हतीच. पूर्वेकडे भंडारा, गडचिरोलीची माणसं याच दिवसांत मिरची तोडायला तेलंगणात असतात, पण ते त्या जिल्ह्यांच्या साहेबांनी पाहावं.

स्वगणनेचंही, म्हणजे घरच्यांनीच मोबाइलवर आपली माहिती भरायची त्याचंही, एक सांगून ठेवतो. पुण्यातला मुलगा मोबाइलवरून आईबापाचा फॉर्म प्रेमानं भरणार आणि त्यात स्वतःला, बायकोला, पोरांना घालणार. तिकडे पुण्यातही भरणार. चाकणवाल्याच्या बापाला मी समोर बसून "नाही" म्हटलं होतं, मोबाइल कुणाला नाही म्हणणार? गावात पडताळणीला जो जाईल त्याला एवढंच सांगा की दाराशी उभं राहून नावं वाचू नकोस, आत जा आणि काल रात्री ताटं किती वाढली ते विचार.

आणि कुटुंबप्रमुख. ही गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. कपाशीच्या कर्जात नवरा गेलेली बाई, शेत तीच करते, मजुरी तीच करते. मी विचारलं, कुटुंबप्रमुख कोण? तिनं चौदा वर्षांच्या पोराचं नाव सांगितलं. पोरगा माझ्याच वर्गातून पुढे गेलेला, तो खाली पाहत होता. घरचे ज्याला प्रमुख मानतात त्याला लिहायचं, असा नियम. मी त्याला लिहिलं. त्या रात्री जेवण गेलं नाही. या वेळच्या प्रशिक्षणात हा प्रश्न कसा विचारायचा यावर अर्धा तास घालवा. "घर कोण चालवतं?" असं विचारलं असतं तर ती कदाचित वेगळं बोलली असती.

वय झालं, यावेळी मला ड्यूटी लागणार नाही. पण आमच्या गटाचा जो कुणी प्रगणक असेल त्याला नाल्याकाठच्या भट्ट्या दाखवायला मी येईन. सकाळी आठच्या आत जावं लागतं. एकदा विटा भरायला ट्रॅक्टर लागले की तिथं कुणी आपल्याशी बोलायला थांबत नाही.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
ता. अंजनगाव सुर्जी, जि. अमरावती