मोरी ट्रकने मोडली, पैसे गावाने भरले

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातले वाहतूकदार बंधूंचे पत्र वाचले. ‘डिझेलवर कर भरतो, रोड टॅक्स भरतो, टोल भरतो, आता रस्त्याची आणखी कसली किंमत मागता?’ असा त्यांचा सवाल आहे. वाचून पेपर बाजूला ठेवला, पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सवाल जाहीर विचारला आहे, तर उत्तरही जाहीर देतो.

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढातली गोष्ट. माणगावात मुंबई-गोवा हायवे नेहमीप्रमाणे तुंबलेला. अशा वेळी मोठ्या गाड्या मोबाइलवर रस्ता बघून आमच्या गावातून आत घुसतात. आमचा रस्ता पावणेचार मीटर रुंद. एसटी, ट्रॅक्टर आणि विटांचा टेम्पो जावा एवढ्यासाठी केलेला. रात्री साडेअकराला असा आवाज झाला की दरड आली म्हणून सगळे बॅटऱ्या घेऊन बाहेर धावलो. पाहतो तर दहाचाकी ट्रकची मागची चाके मोरीत, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलात उतरलेली. स्लॅब मधोमध मोडून दोन्ही तुकडे आत कललेले, खालचा सिमेंटचा पाइप फुटलेला आणि ओढ्याचे पाणी रस्त्यावरून शेजाऱ्यांच्या नुकत्या लावलेल्या भातात शिरलेले. शेजारच्या महाडला २०१६ च्या पुरात सावित्रीचा पूल वाहून गेला ती रात्र आमच्या तालुक्यात कोणी विसरलेले नाही. पाण्याचा तो आवाज ऐकून बायामाणसे रडायला लागली होती.

ट्रकमध्ये लोखंडी सळ्या होत्या. केबिनमध्ये वजनकाट्याची पावती होती, ती मी बॅटरीच्या उजेडात स्वतः वाचली. छत्तीस टन. दहाचाकी गाडीला गाडीसकट साडेअठ्ठावीस टनांची मुभा आहे. ड्रायव्हर पंचविशीतला मुलगा, थंडीने आणि भीतीने थरथरत कठड्यावर बसला होता. आमच्या आईने त्याला चहा पाठवला. तो म्हणाला, ‘मालकाला टनावर पैसे मिळतात, मला फेरीवर. माल किती भरायचा ते मला कोण विचारतो?’ त्या मुलावर माझा राग नाही, हे स्पष्ट लिहितो.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्रेन आली. पंचनामा झाला आणि दिवेलागणीला ट्रक निघूनही गेला. दंड झाला की नाही, झाला तर किती, हे दोनदा अर्ज करूनही आम्हाला कळलेले नाही. मोरी मात्र तशीच राहिली.

सकाळची सहा-चाळीसची एसटी त्या दिवसापासून बंद झाली. माझी आई ७८ वर्षांची. तिला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला माणगावला न्यावे लागते. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटी मोफत आहे, त्यामुळे तिचा जाण्यायेण्याचा खर्च शून्य होता. मोरी गेल्यावर रिक्षा पलीकडच्या गावावरून फिरून आणावी लागे. येऊन-जाऊन ६०० रुपये. आषाढापासून कार्तिकापर्यंत चाळीस फेऱ्या झाल्या, म्हणजे २४,००० रुपये. डायलिसिसहून परतताना माणूस गळून गेलेला असतो, त्यात त्या खड्ड्यांच्या आडवाटेने रिक्षातले हादरे. आई माझा दंड धरून बसायची आणि डोळे मिटून घ्यायची. त्या हादऱ्यांची किंमत मला आकड्यात मांडता येत नाही. मोरीची दुरुस्ती शेवटी ग्रामपंचायतीने केली, अंगणवाडीच्या पत्र्यांसाठी राखून ठेवलेल्या पैशांतून. अंगणवाडी अजून गळते.

वाहतूकदार बंधू, तुमच्या डिझेलच्या करातला एक रुपयाही या मोरीपर्यंत पोहोचला नाही. खरी किंमत म्हणतात ती ही. माल सळ्यांचा, नफा मालकाचा, आणि भुर्दंड माझ्या आईला व अंगणवाडीतल्या पोरांना.

आता टोलचे. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात खास रस्ते बांधून, त्यांवरून दोन वर्षे ट्रक फिरवून मोजमाप झाले होते. त्यातून निघालेला ठोकताळा रस्त्याच्या कामातल्या कोणत्याही इंजिनीअरला ठाऊक असतो : ॲक्सलवरचे, म्हणजे चाकांच्या आसावरचे वजन दुप्पट झाले की रस्त्याची झीज सुमारे सोळा पट होते. म्हणजे साध्या मोटारीच्या तुलनेत भरलेला ट्रक रस्त्याला हजारो पटींनी जास्त घासतो. आणि टोल? २००८ च्या नियमांत मूळ दर मोटारीला किलोमीटरमागे ६५ पैसे आणि दोन ॲक्सलच्या ट्रकला २ रुपये २० पैसे. साडेतीन पटसुद्धा नाही. बाकीची झीज मोटारवाला, एसटीचा प्रवासी आणि कधी हायवेवर पाऊल न टाकणारा माणूस भरतो. त्यात २०१८ साली केंद्राने चार टायरच्या ॲक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. वजन तेरा टक्के वाढले. त्याच ठोकताळ्याने झीज साठ टक्क्यांनी वाढते. वाहतूक स्वस्त व्हावी म्हणून हा निर्णय झाला, पण तेव्हा गावोगावच्या मोऱ्या कोणी मोजल्या होत्या का?

रेल्वेचा हिशेब वेगळा आहे. आमच्या कोकण रेल्वेचा मार्ग कर्जरोखे काढून बांधला. ते कर्ज फेडायचे म्हणून तिकिटात प्रत्यक्ष अंतरापेक्षा ४० टक्के जास्त किलोमीटर धरले गेले. कोकणातला चाकरमानी १९९८ पासून गणपतीला गावी जाताना हे जादा भाडे भरत आला, कारण रूळ त्याला वापरायचे होते. मग शेजारच्या रस्त्यावरून छत्तीस टन घेऊन जाणाऱ्याला तो हिशेब का लागू नाही? मालगाडीच्या भाड्यातून रेल्वे स्वतःचे रूळ, सिग्नल, फाटके सांभाळते, वर प्रवासी गाड्यांची तूटही भरून काढते. वाघिणीत क्षमतेपेक्षा जादा माल सापडला तर दंडाचे भाडे लावते. इतके सगळे अंगावर घेऊन रेल्वेने रस्त्याशी स्पर्धा करायची. मग स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशातला ऐंशी टक्क्यांहून जास्त माल नेणारी रेल्वे आज तीस टक्क्यांच्या खाली आली, यात नवल काय?

आणि उपाय आमच्या दारात आहे. कोलाड स्टेशनवर १९९९ पासून रो-रो सेवा आहे. ट्रक रॅम्पवरून एकामागून एक सपाट वाघिणींवर चढतात, चाकांना अडसर लावून बांधतात, ड्रायव्हर आपल्याच केबिनमध्ये पथारी टाकतो आणि थेट गोव्यात वेर्ण्याला किंवा पुढे कर्नाटकात सुरतकलला उतरतो. इंजिन बंद, टायर झिजत नाही, कशेडीचा घाट नाही. मी कोलाडला उभा राहून हे अनेकदा पाहिले आहे आणि दर वेळी बरे वाटले आहे. तरीही समोरच्या हायवेवर ट्रकांची रांग हटत नाही, कारण जादा भरून रस्त्याने जाणे स्वस्त पडते. ते स्वस्त पडते कारण उरलेले पैसे आमच्यासारखे भरतात.

मुंबई-गोवा महामार्ग माणसे आणि अवजड माल ही दोन्ही ओझी पेलू शकत नाही, हे सरकारला कळते. दर गणपतीत या महामार्गावर अवजड वाहनांना बंदी घालतात ती त्यामुळेच. मग उरलेले दिवस आम्ही माणसे नसतो का?

‘ट्रकचे भाडे वाढले तर भाजी महागेल’ ही भीती पत्रात आहे. माणगावच्या बाजारात भाजी आणायला छोटा टेम्पो लागतो आणि तो लागणारच. कोणी तो बंद करा म्हणत नाही. प्रश्न मुंबईहून मंगळूरपर्यंत जाणाऱ्या लोखंडाचा, सिमेंटचा, फरशांचा आहे. स्वित्झर्लंड आपल्या सह्याद्रीपेक्षा कितीतरी अवघड डोंगरांचा देश. तिथे १९९८ साली लोकांचे मत घेऊन २००१ पासून ट्रकला वजन आणि किलोमीटर यांवर आकार लावला आणि त्यातला मोठा वाटा रेल्वेच्या बोगद्यांना दिला. तिथली दुकाने काही ओस पडली नाहीत. आपल्याकडे निदान प्रत्येक टोलनाक्यावर चालत्या गाडीचे वजन घ्या, जादा निघाले तर माल तिथेच उतरवा आणि दंडातला हिस्सा ज्या गावाचा रस्ता मोडला त्या गावाला द्या. आजही कायद्यात जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड लिहिलेला आहे. आमच्या मोरीचा निम्मा खर्च तेवढ्यातच निघाला असता.

संपादकसाहेब, आपल्यालाही एक विनंती. २०२५ मध्ये मोटारींची रो-रो सुरू झाली तेव्हा आपण पहिल्या पानावर फोटो छापलात, चांगले केलेत. पण ट्रकांची रो-रो पंचवीस वर्षांहून जास्त काळ चालू आहे, तिच्यावर सविस्तर लेख मला तरी कधी दिसला नाही. महामार्गाचे काम पुरे होण्याची नवी तारीख मात्र दर पावसाळ्याआधी ठळक अक्षरांत येते. २०११ पासून त्या तारखा वाचून आम्ही थकलो. आणि रेल्वेचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो : रत्नागिरीची पॅसेंजर कोरोनाआधी दादरला जायची, ती नंतर ठाण्याच्या अलीकडे दिवा स्टेशनलाच संपवली. हातात तांदळाचे गाठोडे घेऊन म्हाताऱ्या माणसांनी दिव्याच्या गर्दीत लोकल पकडायची कशी? रेल्वे वाढवायची तर आधी आहे ते तरी काढून घेऊ नका.

मोरी आता नवी आहे. तिच्या दोन्ही बाजूंना ‘जड वाहनांस प्रवेश बंद’ असे फलक ग्रामपंचायतीने लावले आहेत. गेल्या मंगळवारी रात्री एक ते तीनच्या दरम्यान सात ट्रक त्या फलकांजवळून गेले. मी ओट्यावर बसून त्यांचे नंबर वहीत लिहून ठेवले आहेत. वाहतूकदार बंधूंनी किंवा संबंधित अधिकाऱ्यांनी मागितले तर वही घेऊन कुठेही यायला तयार आहे.

आपला नम्र,
एक वाचक, ता. माणगाव, जि. रायगड