श्रीराम सिंग यांची वेळ छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ऑलिंपिकमध्ये हुकलेल्या भारतीय पदकांवरचा रविवारचा लेख वाचला. मिल्खा सिंग आणि पी. टी. उषा यांना मिळून जवळजवळ सगळे पान दिले आहे. तो त्यांचा हक्कच आहे. पण श्रीराम सिंग एका ओळीत उरकले: मॉन्ट्रियल, १९७६, ८०० मीटर, सातवे. वेळ दिलेली नाही, शर्यत कशी झाली त्याचाही उल्लेख नाही. ज्यांनी ती शर्यत कधी पाहिली नाही, अशा आजच्या मुलांनी यातून काय समजायचे? एक भारतीय धावला आणि मागे पडला, एवढेच ना?

त्या अंतिम फेरीत पहिल्या ४०० मीटरला सर्वांत पुढे श्रीराम सिंग होते. पहिला लॅप ५०.८५ सेकंदांत! त्यांनी तो वेग लावला म्हणून शर्यत तापली. पुढे क्यूबाच्या अल्बर्टो हुआंतोरेनाने १ मिनिट ४३.५० सेकंदांचा विश्वविक्रम केला आणि त्याचे नाव अजरामर झाले. पुढे राहून वारा अंगावर घेणाऱ्याच्या पायांतली ताकद दुसऱ्या लॅपला संपते, हे ८०० मीटर पळालेला कोणीही सांगेल. तरीही श्रीराम सिंग १ मिनिट ४५.७७ सेकंदांत आले. ही वेळ १९९४ पर्यंत आशियाई विक्रम होती. राष्ट्रीय विक्रम मोडायला तर २०१८ साल उजाडावे लागले, जिन्सन जॉन्सनने तो मोडेपर्यंत. ४२ वर्षे! सैन्यातला एक धावपटू, प्रशिक्षक इलियास बाबर यांनी लांब पल्ल्यावरून मध्यम पल्ल्याकडे वळवलेला, १९७४ आणि १९७८ अशा लागोपाठच्या दोन आशियाई स्पर्धांत ८०० मीटरचे सुवर्ण जिंकतो. त्याची ओळख तुम्ही ‘सातवे’ एवढ्यावर आटपता.

मला याचा राग अधिक येतो, कारण हेच मी मैदानावर वर्षानुवर्षे पाहिले आहे. मी क्रीडाशिक्षक होतो. एका जिल्हास्तरीय स्पर्धेत माझा एक विद्यार्थी शेवटच्या लॅपची घंटा होईपर्यंत पुढे होता. अखेरच्या वळणावर तिघे त्याच्या पुढे गेले. तो चौथा आला, पण जीव तोडून धावला होता. धाप लागलेली असतानाच त्याने विचारले, “सर, माझं टायमिंग किती?” मी टेबलापाशी गेलो. स्टॉपवॉच फक्त पहिल्या तिघांसाठी लावली होती. निकालपत्रकावर तीन नावे आणि खाली सही. ‘चौथ्याची वेळ घेऊन करायचे काय?’ असे मलाच विचारण्यात आले. त्या हंगामातली त्याची ती सर्वांत चांगली धाव असणार, याची मला खात्री आहे. पण ती कुठेच नोंदलेली नाही. पोराला मी काय सांगणार होतो? पुढच्या हंगामात तो मैदानावर आलाच नाही.

क्रमांक हा त्या दिवशी बरोबर कोण धावले यावर ठरतो. वेळ धावपटूची स्वतःची असते. जिल्ह्याच्या टेबलावर बसणाऱ्यांना हे कळत नसेल. पण क्रीडा पानाच्या संपादकांनाही कळू नये?

गीता झुत्शी यांचे नावही कुठे दिसले नाही. लेख ऑलिंपिकचा होता हे मान्य. पण १९७८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत महिलांच्या ८०० मीटरचे सुवर्ण त्यांनी जिंकले, श्रीराम सिंग यांनी पुरुषांचे जिंकले त्याच स्पर्धेत. आपल्या पानावर त्यांच्याबद्दल शेवटचे कधी काही आले होते, मला तरी आठवत नाही.

माझी विनंती अशी, की पुढच्या रविवारी श्रीराम सिंग यांच्यावर नीट लिहा, लॅपच्या वेळांसकट. आणि शालेय व जिल्हा स्पर्धांचे निकाल छापताना नावापुढे वेळही द्या. आयोजक देत नसतील, तर आपल्या बातमीदाराने मागून घ्यावी.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक