सेंट बर्नार्ड की ग्रेट डेन, आणि आमच्या ताईंना जाहीर थँक्यू

प्रिय ताई,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून आता लिहूनच टाकतेय. आणि सगळ्यांसमोर लिहितेय, कारण आमच्यासारखीच भांडणं चालू असलेली अजून घरं असतीलच.

घरात कुत्रा कुठल्या जातीचा आणायचा यावरून आमच्याकडे सरळ दोन पार्ट्या पडल्या होत्या. मुलं आणि नवरा सेंट बर्नार्डवाले, मी आणि सासूबाई ग्रेट डेनवाल्या, आणि खरं सांगायचं तर दोन्हीकडची कारणं फोटो बघूनच काढलेली. तुम्हाला फोन करायचा हे नवऱ्याने सुचवलं, कारण तुम्ही आयुष्यभर बर्नार्डच पाळलेत, म्हणजे तुमचं मत आपल्याच बाजूने पडणार असं त्याने धरून चाललं होतं 😄

आणि तुम्ही काय केलंत, तर आधी जातीचं नावच काढलं नाहीत. विचारलंत काय, तर म्हातारपणी मागचे पाय गेले तर त्याला उचलणार कोण? तोपर्यंत आम्ही सगळे फक्त पिल्लाबद्दल बोलत होतो हो. दोन्ही जातींचा नर साठ किलोच्या वर आरामात जातो, काही तर ऐंशीच्या जवळ, आणि आमच्या घरात वजन उचलू शकेल असा माणूस एकच, तोसुद्धा कमरेचा पट्टा लावून हिंडणारा. मादी त्यामानाने हलकी, पन्नास-साठ किलो, म्हणजे दोघांनी चादरीत घालून गाडीपर्यंत तरी नेता येईल. त्यामुळे जात ठरायच्या आधी मादी घ्यायची हे ठरून गेलं.

मग आयुष्याचं. बर्नार्ड ८ ते १० वर्षं, डेन ७ ते १०. हे धाकटीला सांगायची माझी हिंमत होत नव्हती, ते तुम्ही सांगितलंत, गोड न करता आणि घाबरवताही न करता. ती थोडी रडली आणि मग म्हणाली चालेल.

मुलांच्या डोक्यात गळ्यात दारूचं पिंप अडकवलेला बर्फातला कुत्रा बसलेला होता. ते पिंप लँडसीअर नावाच्या चित्रकाराच्या १८२० च्या चित्रामुळे लोकांच्या डोक्यात बसलं, बर्नार्ड मूळचे जिथले त्या आल्प्समधल्या मठातले कुत्रे असलं काही घेऊन फिरत नव्हते, हे ऐकून मोठा जरा खट्टू झाला. पण मग तुम्ही त्याच मठातल्या बॅरी नावाच्या कुत्र्याचं सांगितलंत, १८०० साली जन्मलेला, ज्याने चाळीसच्या वर माणसं वाचवली असं सांगतात आणि जो अजून स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या म्युझियममध्ये पेंढा भरून ठेवलाय, तेव्हा स्वारी खूश. आणि त्यातूनच तुम्ही मुद्द्यावर आलात की हा कुत्रा बर्फासाठी घडलाय. आमचं घर दुपारभर तापतं, सासूबाईंना एसी सोसत नाही, मग शॉर्ट हेअर बर्नार्ड घेऊ असं नवरा म्हणाला तर तुम्ही म्हणालात की अहो वरचे केस आखूड असले तरी आतली लोकर दाटच असते. वर लाळ. भिंतीवर, पंख्याच्या स्टँडवर, आणि मुख्य म्हणजे फरशीवर, जिथून सासूबाई काठी टेकत चालतात. तुम्ही स्वतः बर्नार्डवर इतका जीव टाकता आणि तरीही "तुमच्या घरात माझा कुत्रा सुखी राहणार नाही" असं म्हणालात ना, त्या एका वाक्यासाठी हे सगळं पत्र आहे.

बरं, डेनचीही तुम्ही आरती ओवाळली नाहीत. नावात डेन असला तरी मूळचा जर्मनीतला, रानडुकराच्या शिकारीचा. अंगावर केस कमी म्हणून थंडी वाजते, बाहेर बांधून ठेवायचा कुत्रा नाहीच, गादी जाड हवी नाहीतर कोपरांना घट्टे पडतात, आणि शेपटी टीपॉयच्या बरोबर उंचीवर, त्यामुळे चहाचे कप विसरा.

पण सगळ्यात जास्त वेळ तुम्ही पोटाबद्दल बोललात. मोठ्या आणि खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये पोट गॅसने फुगून पीळ बसतो, डेनमध्ये तर हा धोका सगळ्यात जास्त, आणि बर्नार्डही यातून सुटत नाही. ओकायला येतंय पण बाहेर काही पडत नाही, पोट ताठ, अस्वस्थ येरझाऱ्या, असं दिसलं की ओवा नाही, हिंग नाही, सकाळपर्यंत थांबणं नाही, थेट डॉक्टर, कारण काही तासांत कुत्रा जाऊ शकतो. हे मी फ्रिजवर चिकटवलंय. आम्ही उंच स्टँडवाला बाउल घेणारच होतो, तो तुम्ही थांबवलात, मोठ्या जातींवरच्या एका अभ्यासात उंच बाउलने धोका वाढलेला दिसला होता म्हणून. दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं खायला, खाऊन लगेच धावपळ नाही. आणि नसबंदीच्या वेळीच जठर आतून पोटाच्या भिंतीला टाके घालून पक्कं करता येतं, त्याने पोट फुगायचं थांबत नाही पण पीळ बसायचा धोका खूपच कमी होतो, हे तर आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांशी बोललेय, ते करतात.

कॅल्शियमच्या पावडरचा डबा मामांनी आणला होता, प्रेमानेच, हाडं मजबूत होतील म्हणून. या जातींच्या पिल्लांना जास्तीचं कॅल्शियम उलट हाडांवरच शेकतं हे त्यांना तुमच्या नावाने सांगितलं, माझं ऐकलं नसतं त्यांनी. मोठ्या जातीच्या पिल्लांचं खाणं, अंग बारीकच ठेवायचं, दीड-दोन वर्षं जिने आणि उड्या कमी, सगळं लिहून घेतलंय.

एका बाबतीत मात्र ऐकत नाहीये. पिल्लू नको, मोठी झालेली, कुणी सोडून दिलेली डेन घ्या असं तुम्ही म्हणालात आणि ते पटलंही, पण सासूबाई म्हणतात एकदम मोठ्ठाच घरात येणाऱ्या कुत्र्यापेक्षा मला हळूहळू मोठी होणारी बरी, मला सवय व्हायला वेळ मिळेल. घरात जास्त वेळ त्याच असणार, तेव्हा त्यांचं मत जड.

पिल्लाच्या आईवडिलांच्या हार्टचे आणि खुब्याचे रिपोर्ट मागितलेत. खुब्याचे आले, हार्टचे "पाठवतो पाठवतो" चाललंय, आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे ते येईपर्यंत ॲडव्हान्स देत नाहीये. रविवारी पिल्लाच्या आईला बघायला जातोय. तुम्ही येताय ना? नवरा अजून थोडा रुसलेला आहे, तुमच्या बर्नार्डलाही आणलंत तर त्याचाही दिवस बरा जाईल, मागची अख्खी सीट मोकळी ठेवते.

तुमचीच
(डेन पार्टीची) मी